आदेस्ते फिदेलेसची चाल

नाताळच्या उपासनेत गायिल्या जाणाऱ्या प्रसिद्ध लॅटिन स्तोत्राची चाल. फ्रेडरिक ओकली यांनी १८४१ मध्ये केलेल्या इंग्रजी अनुवादाने ती इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमध्येही रुजली. ती कोणी रचली याबद्दल मात्र मतभेद आहेत.

पोर्तुगालचा राजा चौथा जॉन (१६०४–५६) याने ती रचली, असे एक मत आहे. त्याला समकालीन हस्तलिखिताचा आधार नाही. संगीतकार मार्कुस पोर्तुगाल यांचेही नाव घेतले जाई. त्यांचा जन्म १७६२ चा आणि चालीची हस्तलिखिते त्याआधीची, त्यामुळे तो दावा टिकत नाही. मुळात पोर्तुगालशी हे नाते जुळले ते लंडनमधील पोर्तुगीज वकिलातीच्या प्रार्थनामंदिरामुळे. तेथे हे स्तोत्र गायिले जाई आणि त्यावरूनच ते ‘पोर्तुगीज स्तोत्र’ म्हणून ओळखले जाऊ लागले. पुढे त्याच मंदिरातील ऑर्गनवादक व्हिन्सेंट नोव्हेलो यांनी ही चाल सतराव्या शतकातील जॉन रीडिंग यांची असल्याचे छापले, पण त्यासाठी पुरावा दिला नाही.

आज अधिक ग्राह्य मानले जाणारे नाव जॉन फ्रान्सिस वेड (सु. १७११–८६) यांचे आहे. फ्रान्समधील दुए येथे इंग्रज कॅथलिक निर्वासितांची मोठी वसाहत होती. तेथे वावरलेले वेड चर्चसंगीताच्या सुबक हस्तलिखित प्रती तयार करून उपजीविका करीत. या स्तोत्राची सर्वांत जुनी हस्तलिखिते त्यांच्याच हातची असून त्यांतील एक १७५१ चे आहे. बेनेडिक्टाइन संन्यासी डॉम जॉन स्टेफान यांनी १९४७ मध्ये या हस्तलिखितांची तुलना करून वेड यांच्या बाजूने कौल दिला. त्यांतील जुन्या प्रतींत चाल तीन मात्रांच्या लयीत आहे. आज गायिली जाणारी सम मात्रांची घडण नंतरची असून १७८२ मध्ये सॅम्युएल वेब यांच्या पुस्तकात ती छापील रूपात दिसते.

तरीही एक अडचण उरते. १७४४ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर आलेल्या फ्रेंच नाटककार फाव्हार यांच्या ‘आकाजू’ या विनोदी संगीत नाटकात ‘इंग्रजी चाल’ म्हणून दिलेली एक धून या चालीशी बरीच मिळतीजुळती आहे. नाटककाराने स्तोत्रावरून धून उचलली, की वेड यांनी लोकांच्या तोंडी असलेली धून स्तोत्राला जोडली? धून इंग्रजी म्हणूनच दिलेली असल्याने दुसरी शक्यता अधिक सयुक्तिक वाटते. हँडेल यांच्या ‘ओत्तोने’ (१७२३) या संगीतिकेतील एका गीताशीही साम्य दाखविले जाते, पण ते काही स्वरावलींपुरतेच आहे.

संगीत-अभ्यासक बेनेट झॉन यांनी २००८ मध्ये या स्तोत्रात ब्रिटनच्या पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांचा गूढ संदेश असल्याचे मांडले. त्यांचा युक्तिवाद शब्द आणि हस्तलिखितांची सजावट यांवर उभा आहे. चालीच्या उगमाचा प्रश्न त्याने सुटत नाही.