सही खरी की खोटी? बॅटला आणि गदेलाच विचारा

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हल्ली सारखं दिसायला लागलंय, अमक्या क्रिकेटरची सही असलेली बॅट, तमक्याचा मॅचमधला टी-शर्ट, किंमत दहा-पंधरा हजार, आणि सोबत चकचकीत होलोग्राम लावलेलं सर्टिफिकेट. पोरं पैसे साठवून घेतात की ओ. पहिला प्रश्न सगळे एकच विचारतात, "सर्टिफिकेट आहे का?" मला वाटतं इथंच गडबड होते, कारण सर्टिफिकेट हाही शेवटी छापलेला कागदच, आणि ज्याला सही खोटी करता येते त्याला कागद छापायला कितीसा वेळ लागणार.

अमेरिकेत हे मोठ्या प्रमाणावर घडून गेलंय. एफबीआय या तिथल्या तपास संस्थेच्या 'ऑपरेशन बुलपेन' मध्ये १९९९ साली एक टोळी पकडली, ती बेसबॉलवर खेळाडूंच्या सह्या ठोकून विकायची आणि त्या खऱ्या असल्याची सर्टिफिकेटंही सोबत द्यायची. धाडस इतकं वाढलेलं की मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलसुद्धा त्यांच्या मालात सापडले. त्यानंतर तिथल्या बेसबॉल लीगनं २००१ पासून पद्धतच बदलली, मॅच चालू असताना मैदानावर बसलेला तपासनीस वस्तू डोळ्यासमोर बघतो आणि तिथल्या तिथं नंबर असलेला होलोग्राम चिकटवतो.

मग आपण काय बघायचं? सहीपासून सुरू करूया, कारण इथं लोकांचा अंदाज बरोबर उलटा असतो. नेटवरची खरी सही काढून शेजारी धरतात आणि "बघा, डिट्टो आहे" म्हणून खूश होतात. डिट्टो असणं हीच तर संशयाची जागा! माणूस दोनदा तंतोतंत सारखी सही करूच शकत नाही, तुम्ही स्वतः बँकेच्या स्लिपवर पाच सह्या करून बघा.

१८६८ साली अमेरिकेत हाउलंड नावाच्या बाईच्या मृत्युपत्राचा खटला गाजला होता. त्यातली एक सही दुसऱ्या खऱ्या सहीवर ठेवली की रेघ अन् रेघ जुळत होती. बेंजामिन पर्स हे हार्वर्डचे गणिती साक्षीला आले. त्यांच्या देखरेखीखाली त्यांच्या मुलानं त्या बाईच्या ४२ खऱ्या सह्या घेतल्या, प्रत्येक सही बाकीच्या प्रत्येक सहीशी लावून बघितली, म्हणजे ८६१ जोड्या, आणि दर जोडीत खाली येणाऱ्या ३० रेघा. साधारण पाचातली एक रेघ जुळायची. वादातल्या सहीत तिसाच्या तीस जुळत होत्या. म्हणजे असं आपोआप घडायची शक्यता ५ चा ३० वा घात, ९ वर २० शून्यं, इतक्यात एकदा. आता एकाच सहीतल्या रेघा एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्र नसतात, त्यामुळं हा आकडा फुगलेला आहे हे मान्य, पण त्यातला मुद्दा आजही खणखणीत आहे. त्याच विक्रेत्याकडच्या दोन बॅटींचे फोटो मागवा आणि मोबाइलमध्ये एकावर एक ठेवून बघा, सह्या तंतोतंत बसल्या तर त्या छापलेल्या, शिक्क्याच्या नाहीतर गिरवलेल्या.

दुसरी खूण वेगाची. खरी सही झरझर होते, पेन टेकायच्या आधीच हात हलत असतो, म्हणून रेघ सुरुवातीला आणि शेवटी निमुळती होते. गिरवणारा हळू जातो, मग रेघ सगळीकडं एकसारखी जाड, मध्येच थरथर, नको तिथं पेन उचललेलं. वीसपट दाखवणाऱ्या लेन्समधून हे कळतं, आणि छापील फोटोवरची सही असेल तर त्याच लेन्समधून शाईऐवजी बारीक ठिपके दिसतात.

जुन्या कागदाला यूव्ही (अतिनील) टॉर्च लावून बघता येतं. साधारण १९५० नंतर कागदात ऑप्टिकल ब्राइटनर, म्हणजे पांढरेपणा वाढवणारी रसायनं घालायला लागले, ते यूव्ही प्रकाश शोषून निळसर चमकतात. १९३६ चा म्हणून विकलेला ऑटोग्राफचा कागद निळा झगमगला तर तो त्या काळातला असणं जवळपास अशक्य. टॉर्च ३६५ नॅनोमीटरचा घ्या, ३९५ वाल्याचा स्वतःचाच जांभळा उजेड इतका असतो की घोटाळा होतो. पण कपड्यावर हीच टेस्ट फसवते, कारण तीच रसायनं कपडे धुवायच्या पावडरीत असतात. आजोबांना कुस्तीत मिळालेला खरा फेटा घरी चार वेळा धुतलेला असेल तर तोही चमकणार, म्हणून लगेच त्याला खोटा ठरवू नका.

पदकाचं आर्किमिडीजच्या तत्त्वानं कळतं, वस्तू जितकं पाणी बाजूला सारते तितकं तिचं वजन पाण्यात कमी भरतं, शहापूरच्या सराफाकडच्या काट्यावर सहज होईल. ६० ग्रॅमचं पदक दोऱ्यानं पाण्यात बुडवलं की चांदी असेल तर वजन साधारण ५.७ ग्रॅमनं कमी भरतं, पितळ असेल तर ७ च्या आसपास, जस्ताचं मिश्रण असेल तर ९ च्या. कुस्तीत बक्षीस मिळणाऱ्या चांदीच्या गदेला मात्र हे लागू नाही, कारण बहुतेक गदांच्या आत लाकूड आणि वर चांदीचा पत्रा असतो. तिथं एक्स-रे टाकून धातू ओळखणारं एक्सआरएफ मशीन लागतं, तेही फक्त वरच्या थराचंच सांगतं.

सगळ्यात भक्कम पुरावा मला वाटतो फोटोचा. २०२२ मध्ये फुटबॉलपटू मॅराडोनाचा १९८६ च्या इंग्लंडविरुद्धच्या मॅचमधला शर्ट लंडनमध्ये ७१ लाख पौंडांना गेला. लिलावाआधी त्याची मुलगी म्हणाली, हा पहिल्या हाफचा शर्ट आहे, ज्यात त्यानं गोल केले त्या दुसऱ्या हाफचा नव्हे. मग जुन्या फोटोंशी शर्टावरचा बिल्ला, पट्टे, नंबर कुठं कसा बसलाय हे बारकाईनं ताडून बघितलं आणि तो गोलच्या वेळचाच असल्याचं सांगितलं गेलं. शिवण, पट्टा, चिकटवलेला नंबर प्रत्येक शर्टावर मिलिमीटरनं वेगळा बसतो, फॅक्टरीलासुद्धा तो परत तसाच बसवता येत नाही.

हे सगळं सांगायचं खरं कारण आपल्या घरांमधल्या वस्तू आहेत. येळ्ळूर, सांबरा, कंग्राळीकडं लई घरांत कुस्तीच्या मैदानात मिळालेल्या गदा, ढाली, फेटे पडून आहेत, कॅम्पातल्या जुन्या हॉकीपटूंच्या घरी स्टिका आहेत, १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमधल्या सुवर्णविजेत्या संघातले बंडू पाटील बेळगावचेच. या खऱ्या वस्तूंना कागदच नाही, आणि खोट्यांकडं कागदच कागद. मैदानात गदा खांद्यावर घेतलेल्या आजोबांचा जुना फोटो घरात असेल तर तो गदेसोबतच ठेवा, स्कॅन करा. गदेचे आत्ताचे फोटो काढताना लाइट बाजूनं तिरका पाडा, म्हणजे पत्र्यावरचे पोचे, सांधे, कोरलेली अक्षरं उठून दिसतात, शेजारी पट्टी ठेवा. कुणाशी कुस्ती झाली, कुठल्या यात्रेत, कुणाच्या हस्ते मिळाली हे आजोबांच्याच आवाजात रेकॉर्ड करा. आणि दिवाळीला चांदी पॉलिशनं घासून चकाचक करू नका, पॉलिश दरवेळी चांदीचा थोडा थर काढतं, आणि जुन्या फोटोशी जुळवायला लागणारे ओरखडे अन् कोरीव अक्षरं त्या थरातच असतात.