१६९२ की १६९३? जॉब चार्नॉकच्या मृत्यूच्या दोन तारखा

हिंदुस्थानात वारलेल्या इंग्रज पूर्वजाचा माग काढणाऱ्यांना एक कोडं हटकून पडतं. दिवस तोच, महिना तोच, पण एका कागदात साल एक आणि दुसऱ्यात त्यापुढचं. मग यातला एक कागद खोटा ठरवायची घाई होते. जॉब चार्नॉकचं प्रकरण अशा घाईवर चांगला उतारा आहे.

चार्नॉक हा ईस्ट इंडिया कंपनीचा बंगालमधला एजंट. २४ ऑगस्ट १६९० रोजी तो हुगळीकाठी सुतानुटीला, म्हणजे आजच्या कोलकात्यात, उतरला आणि तिथे कंपनीचं बस्तान बसलं. (त्याला कलकत्त्याचा संस्थापक म्हणायचं का, हा वाद वेगळा. कलकत्ता उच्च न्यायालयाने २००३ मध्ये ‘म्हणू नये’ असा निकाल दिला.) काही पुस्तकांत तो १० जानेवारी १६९२ ला वारतो, काहींत १० जानेवारी १६९३ ला.

१६९२ हे साल आलं ते थेट त्याच्या कबरीवरून. कोलकात्याच्या सेंट जॉन चर्चच्या आवारात त्याची आठकोनी समाधी आहे. जावई चार्ल्स आयर याने ती बांधली. आतल्या काळसर शिळेवर लॅटिन मजकूर आहे. हा दगड मद्रासजवळच्या पल्लावरमचा, आणि थॉमस हॉलंड या भूवैज्ञानिकाने पुढे या जातीच्या खडकाला चार्नॉकवरूनच ‘चार्नोकाइट’ हे नाव दिलं. लेखात मृत्यूचा दिवस जानेवारीचा दहावा आणि साल १६९२ असं स्वच्छ कोरलेलं आहे. खुद्द जावयाने कोरून घेतलेली तारीख चुकीची कशी म्हणायची?

ती चुकीची नाहीच. त्या काळी इंग्लंडात कायद्याचं नवं वर्ष १ जानेवारीला नव्हे, २५ मार्चला लागायचं. त्यामुळे १६९२ चा डिसेंबर संपला तरी पुढचे जवळपास तीन महिने १६९२ च चालू असे. आपल्याकडचं आर्थिक वर्ष ३१ मार्चपर्यंत चालतं, तसंच काहीसं. आजच्या हिशेबाने तो जानेवारी १६९३ चा.

याचा पुरावा त्याच शिळेवर, थोडं खाली आहे. चार्नॉकची थोरली मुलगी मेरी, म्हणजे आयरची बायको, तिथेच पुरलेली आहे. तिची तारीख कोरली आहे १९ फेब्रुवारी १६९६-७. दोन्ही सालं लिहायची ही पद्धत त्या काळी रूढ होती, कारण युरोपातले बरेच देश १ जानेवारीला वर्ष बदलत आणि स्कॉटलंडनेही १६०० पासून तेच धरलं होतं. बापाच्या तारखेला ही काळजी घेतली गेली नाही, आणि वाचणाऱ्यांचा घोळ झाला.

तरीही एका दगडावर विसंबून राहू नये. कलकत्त्यात तेव्हा चर्च नव्हतं, सेंट ॲन १७०९ मधलं. म्हणजे तिथल्या चर्चच्या दफननोंदीची आशा सोडायची आणि कंपनीच्या कारभाराकडे वळायचं. कंपनीचा वरिष्ठ अधिकारी सर जॉन गोल्ड्सबरो ऑगस्ट १६९३ मध्ये सुतानुटीला आला, चार्नॉकच्या मागे माजलेला गोंधळ त्याने पाहिला आणि कारभार आयरकडे सोपवला. मृत्यू आदल्या जानेवारीतला धरला की हा क्रम सरळ जुळतो.

हे कळल्यावर दुसरी चूक होते, आणि माझ्या मते ती जास्त घातक. दिसेल त्या जानेवारीत एक वर्ष मिळवत सुटायचं! आधीच्या कुणी नकलाकाराने साल बदलून ठेवलेलं असलं तर चार्नॉक १६९४ मध्ये मरेल आणि गोल्ड्सबरो त्याच्या आधीच येऊन गेलेला असेल. त्यासाठी मूळ पान पाहावं. नोंदवहीत जानेवारीच्या नोंदी डिसेंबरनंतर त्याच सालाखाली आल्या असतील, तर वर्ष मार्चात बदलतंय हे उघड आहे.

हा खेळ मराठी वाचकाला नवा नाही. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ ची. त्यात नेहमीसारखे ७८ मिळवले तर १६२९ येतं, पण फाल्गुन हा शकाच्या शेवटचा महिना, म्हणून ७९ मिळवून १६३० चा फेब्रुवारी. गंमत म्हणजे तो दिवस त्या वेळच्या इंग्रजानेही १६२९ मध्येच लिहिला असता.

दिवसांचा फरक निराळा. पोर्तुगालने १५८२ मध्येच आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर स्वीकारलं, इंग्रज जुन्या ज्युलियनलाच चिकटून राहिले. म्हणून सतराव्या शतकात गोव्याचा कागद मुंबईच्या कागदापेक्षा दहा दिवस पुढे असतो. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख ज्युलियन आहे, ग्रेगोरियनने ती १६ जून. इंग्रजांनी १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर धरला आणि त्याच वर्षापासून नवं सालही १ जानेवारीला सुरू केलं. त्यानंतरच्या पूर्वजांसाठी ही डोकेदुखी उरत नाही.

चार्नॉकच्या बाबतीत कॅलेंडरने न सुटणारी गोष्टही आहे, ती त्याच्या बायकोची. अलेक्झांडर हॅमिल्टन हा दर्यावर्दी व्यापारी लिहितो की चार्नॉकने एका हिंदू विधवेला सती जाण्यापासून सोडवून घरी आणलं, आणि ती वारल्यावर दरवर्षी तिच्या थडग्यावर तो कोंबडा बळी देई. हॅमिल्टनचं पुस्तक १७२७ चं, म्हणजे चार्नॉकनंतर चौतीस वर्षांनी आलेलं. पण तो स्वतः १६८८ पासून या समुद्रांवर फिरत होता, त्यामुळे त्याची ऐकीव माहिती अगदीच परक्याची नाही. दुसऱ्या बाजूला, चार्नॉकच्या तिन्ही मुलींचा बाप्तिस्मा १९ ऑगस्ट १६८९ रोजी मद्रासच्या सेंट मेरी चर्चमध्ये झाला. त्यावरून मुलींचं नातं पक्कं होतं, सतीची गोष्ट होत नाही. वंशावळीत मुलींची नावं नोंदीच्या आधारे लिहावीत आणि सतीच्या कथेपुढे ‘हॅमिल्टन सांगतो’ एवढं जोडावं.