सुई टोचल्यावर मुलांना भोवळ का येते?

पालकहो,

आमच्या लसीकरण केंद्रात पैसे आधी घेतले जातात आणि सुई नंतर. ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असं एक-दोघांनी विचारलंही. पूर्वी आमचा क्रम उलटा होता. एकदा दहावीतला मुलगा आला, उंचापुरा, कबड्डी खेळणारा. इंजेक्शन घेताना हूं की चूं केलं नाही. मग वडील काउंटरवर मोबाइलवरून पैसे देत होते आणि हा शेजारी उभा होता. ‘पप्पा, कसंतरी होतंय,’ म्हणाला आणि कोसळला. हनुवटी काउंटरच्या कडेवर आपटली, तीन टाके पडले. मिनिटभरात पोरगा शुद्धीवर होता. लसीने त्याचं काही बिघडवलं नव्हतं, जखम झाली ती काउंटरमुळे. त्या दिवसापासून पैसे आधी.

सुईच्या धास्तीने किंवा दुखण्याने शरीरातली व्हेगस नावाची नस एकदम चाळवते. हृदयाचे ठोके मंदावतात, पायांतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त खाली साचतं आणि मेंदूला क्षणभर कमी पडतं. आडवं झालं की ते पुन्हा डोक्याकडे येतं आणि शुद्ध येते. रक्त तपासायला देताना मोठ्यांनाही भोवळ येते ती अशीच. तिथे तर लस नसतेच.

तान्ह्या बाळांना असं सहसा होत नाही, ती रडून मोकळी होतात. जास्त होतं वयात येणाऱ्या मुलामुलींना, आणि १० व १६ वर्षांची टीडी (धनुर्वात व घटसर्पाची लस), मुलींची एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस) या लसी नेमक्या याच वयात येतात. अमेरिकेत २००५ नंतर या वयासाठी नव्या लसी सुरू झाल्या तेव्हा भोवळीच्या नोंदी वाढल्या. त्यातली बरीचशी मुलं पहिल्या पंधरा मिनिटांतच कोसळली होती. म्हणून तिकडे पंधरा मिनिटं बसवतात, आपल्याकडे अर्धा तास.

भीती एकाकडून दुसऱ्याकडेही जाते. २०१४ मध्ये कोलंबियातल्या एल कार्मेन दे बोलिवार या गावात एचपीव्ही लस घेतलेल्या शेकडो मुलींना चक्कर, भोवळ, हातापायांना मुंग्या असे त्रास झाले. तपासात लसीशी संबंध आढळला नाही. मुली नाटक करत नव्हत्या, त्रास खराच होता. म्हणूनच आम्ही मुलांना रांगेत उभं करून एकमेकांसमोर टोचत नाही, पडद्याआड एकेकाला घेतो.

येताना मुलाला नाश्ता करून आणा, दोन पेले पाणी पाजा. आधी कधी सुईने चक्कर आली असेल तर सुरुवातीलाच सांगा, आम्ही झोपवूनच लस देऊ. आणि एक विनंती: घरी ‘जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील’ हे बंद करा. त्याची वसुली आमच्या खुर्चीत होते.

चेहरा पांढराफटक पडला, घाम सुटला, जांभया येऊ लागल्या, ‘डोळ्यांपुढे अंधारी येतेय’ म्हणाला, तर उठवून बाहेर हवेवर नेऊ नका. आहे तिथेच आडवं करा, पाय उशीवर किंवा दप्तरावर उचलून ठेवा आणि आम्हाला हाक मारा. कांदा, चप्पल हुंगवू नका. पूर्ण शुद्ध आल्याशिवाय तोंडात पाणी घालू नका. बेशुद्धीत काही सेकंद हातपाय झटकले जाऊ शकतात. ते पाहून आयांच्या काळजाचं पाणी होतं, पण तेवढ्यावरून ती फिट ठरत नाही.

अंगावर गांधी उठणं, ओठ किंवा पापण्या सुजणं, छातीत घरघर, आडवं करूनही नाडी जलद चालणं, ही मात्र भोवळ नव्हे. ही तीव्र ॲलर्जी. फार क्वचित होते, पण झाली तर मांडीत ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन ताबडतोब द्यावं लागतं. ते आमच्या ट्रेमध्ये तयार असतं. अर्धा तास थांबवण्याचं हे दुसरं कारण. घरी गेल्यावर अशी लक्षणं दिसली तर आम्हाला फोन करत बसू नका, १०८ला करा किंवा जवळचं हॉस्पिटल गाठा.

अर्ध्या तासाच्या आत मुलाला स्कूटरच्या मागच्या सीटवर तर मुळीच बसवू नका. भोवळ तिथे आली तर सावरायला कोणी नसतं. पंख्याखाली भिंतीला टेकून बसता येईल अशा खुर्च्या आहेत. रिक्षा थांबवून ठेवली असेल तर ती सोडून द्या.