पिक्सेल चौपट, तरी पडदा लाल

‘फोर-के कॅमेऱ्याने सांध्याची दुर्बिणीची शस्त्रक्रिया’ ही जाहिरात खोटी नाही. फुल एचडी चित्रात सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, फोर-केमध्ये ८३ लाख. पण खांद्यातली एखादी बारीक रक्तवाहिनी सुटली, की ८३ लाखच्या ८३ लाख पिक्सेल लाल होतात. हिमोग्लोबिन निळा आणि हिरवा प्रकाश शोषून घेतं, चित्र अंधारतं; कॅमेरा ते उजळायला जातो आणि पडद्यावर नुसते दाणे उठतात. (दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत लेझर असतो हा समजही जाता जाता सोडून द्यावा. असतो तो साधा पांढरा प्रकाश, ४ मिमी जाडीची स्कोप, म्हणजे सांध्यात घालायची नळीसारखी दुर्बीण, आणि पुष्कळ सलाईन.)

सांधा सलाईनने फुगवलेला असतो. रक्तवाहिनीतला दाब पाण्याच्या दाबापेक्षा जितका जास्त, तितकं रक्त झिरपणार. खांद्यासाठी रूढ ठोकताळा असा की रक्तदाबाचा वरचा आकडा आणि पाण्याचा दाब यांत साधारण ५० मिमी पाऱ्यापेक्षा जास्त फरक नको. पाणी आत ढकलणारा पंप नसेल तर सलाईनची पिशवी सांध्यापेक्षा उंच टांगायची. दर ३० सेंमी उंचीला सुमारे २२ मिमी दाब मिळतो. पिशवी ९० सेंमीवर म्हणजे ६६. अर्थात हा पाणी स्थिर असतानाचा हिशेब आहे. वाहायला लागलं की नळीतल्या घर्षणात त्यातला काही दाब जातो.

पडदा लाल झाला की हात पहिल्यांदा पंपाकडे जातो. दाब वाढवला, थोडं बरं वाटलं, पुन्हा लाल, पुन्हा वाढवला. तासाभरात खांदा टम्म सुजतो आणि सुजलेल्या मांसाने जागाच बुजते. खरा दोष बहुधा हत्यारं आत घालायला पाडलेल्या त्या छिद्रात असतो ज्यात या क्षणी कुठलंच हत्यार नाही. त्यातून पाणी वेगाने बाहेर पळतं. वेगवान प्रवाहालगतचा दाब उतरतो, हे बर्नुलीचं तत्त्व. छिद्राकडे धावणारा प्रवाह उघड्या रक्तवाहिन्यांच्या तोंडांवरून जाताना रक्त ओढून घेतो, आणि खळबळीमुळे ते सगळीकडे मिसळतं. दाब वाढवला तर गळतीचा वेगही वाढतो, म्हणजे औषधानेच रोग बळावतो. उपाय फुकट आहे: सहायकाने छिद्रावर बोट दाबून धरायचं. खळबळ थांबली की रक्त ढगासारखं पसरत नाही, धाग्यासारखं एका जागेवरून निघताना दिसतं. मग तिथे नेमका रेडिओ-फ्रिक्वेन्सी प्रोब, म्हणजे वाहिनी तापवून बंद करणारी सळई, टेकवता येतो. शेव्हरचं (आतलं मांस कापून ओढून घेणाऱ्या फिरत्या पात्याचं) सक्शन पूर्ण उघडं ठेवलं तरी हाच घोटाळा होतो: दाब एकदम पडतो, सांधा मिटतो, वाहिन्या सुटतात.

रक्त नसूनही चित्र धूसर असेल तर कॅमेरा स्थिर धरून फक्त स्कोप फिरवावी. डाग स्कोपबरोबर फिरला तर तो स्कोपच्या काचेवर. पडद्यावर जागेवरच राहिला तर कॅमेऱ्याच्या काचेवर. स्कोपचं टोक पाण्यात असल्याने तिथे सहसा धुकं धरत नाही. धरतं ते कॅमेरा आणि आयपीस (स्कोपचं बाहेरचं, कॅमेरा जोडायचं टोक) यांच्या मधे, जोडताना ओल राहिली तर. दोन्ही काचा कोरड्या करूनही धुकं जात नसेल तर स्कोपचं सील गेलं, ती दुरुस्तीला पाठवावी. चित्र नुसतंच अंधुक असेल तर स्कोपला प्रकाश पोचवणारी बारीक तंतूंची केबल प्रकाशस्रोतापासून सोडवून एक टोक छताच्या दिव्याकडे धरावं. दुसऱ्या टोकावर जितके काळे ठिपके, तितके तंतू तुटलेले. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्याची रंगजुळणी) मात्र त्याच केबलने, त्याच स्कोपने, कोऱ्या गॉजवर करायचा.

पाण्याचा दाब वाढवायचा नाही तर रक्तदाब उतरवावा, हा दुसरा मार्ग. तीन लिटरच्या पिशवीत १ मिग्रॅ ॲड्रेनॅलिन घालून वाहिन्या आकसवण्याचीही पद्धत आहे. दोन्ही गोष्टी भूलतज्ज्ञाला विचारूनच, कारण खांद्याच्या रुग्णाला पुष्कळदा बसवलेलं असतं. दंडावर रक्तदाब १०० भरला आणि मेंदू त्याच्या ३० सेंमी वर असला, तर मेंदूपाशी तो जेमतेम ७७ असतो.