पायाला आलेल्या मुंग्या, रोमपासून वारुळापर्यंत

पंगतीत तासभर मांडी घालून बसलं की उठताना पाय बधिर झालेला असतो. जरा टेकवला की आतून बारीक चावे सुरू होतात आणि आपण म्हणतो, "पायाला मुंग्या आल्या." इंग्रज माणूस अशा वेळी सुया आणि टाचण्यांची उपमा देतो. पण त्याच्या डॉक्टरांकडे एक वेगळा, फारसा कानावर न येणारा शब्द आहे: फॉर्मिकेशन. अंगावरून किडे-मुंग्या फिरत असल्याचा भास. लॅटिनमध्ये 'फॉर्मिका' म्हणजे मुंगी आणि 'फॉर्मिकारे' म्हणजे मुंग्यांसारखं सरपटणं, वळवळणं. पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाने हे क्रियापद चक्क त्वचेसाठी वापरलं आहे. रोमन माणसाच्या अंगावरही मुंग्याच आल्या होत्या, याचा मला फार आनंद वाटतो.

प्रत्यक्षात मुंगी एकही नसते. मांडीच्या दाबाने नसेचा रक्तपुरवठा कमी होतो आणि तिच्यातून जाणारे संदेश अडतात. दाब सुटला की तिचे तंतू पुन्हा जागे होताना कारण नसताना संदेश सोडू लागतात. मेंदूला ते त्वचेवरूनच आलेसे वाटतात.

बसून आलेल्या मुंग्या दोन-चार मिनिटांत जातात. डॉक्टर फॉर्मिकेशन म्हणतात ते मात्र बहुधा याहून चिवट असतं. दारू अचानक सुटल्यावर किंवा कोकेनच्या व्यसनात माणसाला त्वचेखाली किडे फिरताना जाणवतात आणि तो जखमा होईपर्यंत खाजवतो. त्याला वेड्यात काढू नये. किडे नसले तरी जाणीव खरी असते. मधुमेहात नसा दुखावल्या की पायांना वारंवार मुंग्या येतात, तेव्हाही अंगावर काढू नये.

हीच लॅटिन मुंगी रसायनशास्त्रातही शिरली. जॉन रे या इंग्रज निसर्गअभ्यासकाने १६७१ मध्ये मुंग्यांपासून ऊर्ध्वपातनाने मिळणाऱ्या आम्लाची माहिती प्रसिद्ध केली. ते फॉर्मिक आम्ल. फॉर्मालिन आणि क्लोरोफॉर्म या नावांतला 'फॉर्म' तिथूनच आला.

आणि ही मुंगी आपल्याला परकीही नाही. वेदांत मुंगीला 'वम्र', 'वम्री' म्हटलं आहे. भाषाशास्त्रज्ञ हे शब्द आणि 'फॉर्मिका' एकाच जुन्या मुळाचे मानतात. उच्चारात अक्षरं इकडची तिकडे झाली इतकंच. संस्कृतातला 'वल्मीक', म्हणजे वारूळ, हाही त्याच कुळातला धरतात, आणि वाल्मीकींचं नाव त्या वारुळावरूनच पडलं.