रिसेप्शनला गोड वाईन ठेवताय? आधी स्वीट डिश काय आहे ते सांगा

लग्नसराई सुरू झाली की रात्री साडेनऊ-दहाला आमच्या वाईनच्या दुकानाचा फोन वाजतो आणि तक्रार एकच असते, "तुमची वाईन आंबट निघाली, पाहुणे तोंड वाकडं करतायत." बाटली नव्वद टक्के वेळा चांगलीच असते हो. आम्ही पहिला प्रश्न विचारतो, सोबत खायला काय दिलंय? उत्तर येतं, गुलाबजाम नाहीतर जिलेबी-रबडी.

तर मुद्दा हा की वाईन पदार्थापेक्षा गोड पाहिजे, निदान तेवढीच गोड तरी. पाकातला गुलाबजाम खाल्ला की जिभेला वाईनमधली साखर कळतच नाही, मग उरतो तो फक्त आंबटपणा. तीच वाईन जेवणाआधी छान लागलेली असते म्हणून लोकांना वाटतं नंतर खराब झाली. गुलाबजामच्या पाकापुढे कुठलीच परवडणारी वाईन टिकत नाही, हे आम्ही काउंटरवर स्पष्ट सांगतो, विक्री गेली तरी चालेल. गुलाबजाम मेनूत राहू द्या, वाईनचा टेबल तिथून लांब लावा आणि त्या टेबलावर कमी गोड काहीतरी ठेवा. फ्रूट क्रीम, चीजकेक, साधा व्हॅनिला केक, भाजलेले बदाम-काजू, अगदी ताजी फळं कापून ठेवली तरी चालतात. कॅटररला एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात पण बहुतेक जण सांगत नाहीत.

केक कापताना उडवायला स्पार्कलिंग, म्हणजे फेसाळणारी वाईन नेतात त्यातही हीच गडबड. लेबलवर ब्रूट लिहिलंय म्हणजे लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर, ती क्रीमच्या केकसोबत आंबट लागणारच. केकबरोबर प्यायची असेल तर डेमी-सेक बघा, त्यात 32 ते 50 ग्रॅम असते. फोटोपुरतीच उडवायची असेल तर जी स्वस्त ती घ्या, आमची काही हरकत नाही.

आता बजेटमध्ये काय घ्यायचं. आपल्या नाशिकचीच लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ (शेनिन ब्लाँ ही पांढऱ्या वाईनच्या द्राक्षाची जात), आमच्या मते पैशाच्या मानाने यापेक्षा चांगलं काही नाही. सुला बनवते, निफाडकडची रेव्हिलो बनवते. वाईनची द्राक्षं आपल्याकडे साधारण जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात, या वाईनसाठी घड वेलीवर आणखी काही दिवस ठेवतात, त्यातलं पाणी कमी होतं आणि साखर वाढते, पण रसही कमी निघतो. म्हणूनच ही छोट्या 375 मिलीच्या बाटलीत येते आणि किंमत मोठ्या बाटलीच्या निम्मी नसते, त्यावर कृपया आमच्याशी वाद घालू नका. शेनिनचा मूळचा आंबटपणा असल्यामुळे ती गोड असूनही चिकट लागत नाही. इगतपुरीजवळ कावनईला व्हॅलोने नावाची वायनरी वेलीवरच सुकवलेल्या द्राक्षांची वाईन करते, ती सुंदर आहे पण सगळ्या पाहुण्यांना वाटायची नाही, वर-वधूच्या टेबलावर ठेवा. दिंडोरी-निफाडच्या मळ्यांतून येऊन लोक आमच्याकडे फ्रान्सची सोतेर्न ही गोड वाईन मागतात, आयात शुल्क धरून तिची किंमत ऐकली की मग गाडी आपोआप नाशिकवर येते.

अगदी कमी बजेट असेल तर आपल्याकडे पोर्ट नावाने मिळणारी गोड लाल वाईन. पोर्तुगालच्या पोर्टमध्ये आंबण्याची क्रिया मधेच थांबवायला द्राक्षाची ब्रँडी घालतात म्हणून तिच्यात साधारण 20 टक्के अल्कोहोल असतं, ही तशी नव्हे. पण चॉकलेट ब्राउनीबरोबर ती बरी लागते आणि नाक मुरडण्यासारखं काही नाही.

किती घ्यायची? इथे लोक दुप्पट नेतात. गोड वाईन ही ग्लास भरून द्यायची वाईन नाहीये, 60 मिली पुरते. समजा यादी 300 ची आहे, त्यात पिणारे 80, त्यातले निम्मे जेवणानंतर गोड वाईन घेतील, म्हणजे 40 जण. 40 गुणिले 60, अडीच लिटरच्या आत, 375 च्या सात बाटल्या झाल्या, एक जास्तीची धरून आठ. संपली तर संपली, कुणी उपाशी जात नाही. बर्फात बुडवलेल्या बाटल्या आम्ही परत घेत नाही, लेबल सुटलेली बाटली पुढच्या गिऱ्हाइकाला कोण देणार?

गार करताना टबमध्ये नुसता बर्फ नको, बर्फात पाणीही ओता, वीस-तीस मिनिटांत काम होतं. आणि दुपारपासून बाटल्या गाडीच्या डिकीत ठेवू नका, एप्रिल-मेच्या लग्नात तर नाहीच.

"चाखून बघू द्या" असं सगळेच म्हणतात. आमचं लायसन्स सीलबंद विक्रीचं आहे, दुकानात बाटली उघडता येत नाही. त्यापेक्षा एक छोटी बाटली घरी न्या, कॅटररकडून तीच स्वीट डिश थोडी मागवा आणि घरच्या दोन-तीन मोठ्यांनी एकत्र चाखून बघा. त्यानंतर ऑर्डर आमच्याकडेच द्या अशी सक्ती नाही, तरी बहुतेक जण देतात.

लॉन्सवर वाईन द्यायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना लागतो, बऱ्याचदा लॉन्सवाले काढून देतात, पण कोण काढणार ते बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या. परवान्याची कॉपी आल्याशिवाय आम्ही मोठी ऑर्डर काढत नाही, कितीही जुनी ओळख असली तरी. 26 जानेवारीची तारीख असेल तर ड्राय डे आहे हेही बघा.

ऑर्डर द्यायला येताना स्वीट डिशचं नाव, पिणाऱ्यांचा अंदाज आणि तारीख घेऊन या, बाकी आम्ही बघतो. शक्यतो सकाळी या, शनिवारी संध्याकाळी काउंटरवर नीट बोलायला वेळ मिळत नाही.