सेकंद काट्याची उडी

सेलवर चालणारं मनगटी घड्याळ आणि किल्लीचं घड्याळ शेजारी ठेवून पाहा. पहिल्याचा सेकंद काटा दर सेकंदाला एक उडी मारतो आणि थबकतो. दुसऱ्याचा सरकत जातोय असं वाटतं, पण तोही उड्याच मारत असतो, फक्त सेकंदाला पाच, सहा किंवा आठ. या फरकाचं मूळ शोधायचं तर बरंच मागे जावं लागतं.

मोठी घड्याळं लोंबत्या वजनांवर चालत. वजन घेऊन कोण हिंडणार? पंधराव्या शतकात त्याच्या जागी गुंडाळलेली पोलादी पट्टी आली, आणि सोळाव्याच्या सुरुवातीला न्यूरेंबर्गचा पीटर हेनलाइन अंगावर बाळगता येतील अशी घड्याळं घडवू लागला. पहिलं घड्याळ त्याचंच, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. ते जरा जपूनच घ्यावं.

ही घड्याळं दागिना म्हणून देखणी, वेळ दाखवण्यात मात्र यथातथाच. काटा एकच, तासाचा. भरपूर किल्ली दिली की स्प्रिंग जोरात ढकलते, उलगडत आली की दमते. यावर उतारा म्हणून शंकूच्या आकाराची कप्पी बसवली आणि तिच्यावर बारीक साखळी गुंडाळली, म्हणजे ओढ सगळा वेळ सारखी राहावी. युक्ती सुरेख होती, पण दुखणं वेगळंच होतं. चाकांना रोखणाऱ्या दांडीला स्वतःचा ताल नव्हता. मागून जेवढा रेटा, तेवढी तिची गती.

तो ताल १६७५ मध्ये मिळाला. ख्रिस्तियान हायगेन्स यांनी मागेपुढे झुलणाऱ्या चाकाला केसासारखी बारीक, चकलीसारखी वळवलेली स्प्रिंग जोडली. चाक एका बाजूला गेलं की ती त्याला परत खेचते. झोका लहान असो वा मोठा, वेळ जवळजवळ तेवढाच लागतो. मोठ्या घड्याळात ताल धरायचं जे काम लंबक करतो, ते आता आडव्या-उभ्या कुठल्याही स्थितीत होऊ लागलं. रॉबर्ट हूक यांनी 'कल्पना आधी माझी' म्हणून भांडण मांडलं, ते आजही पुरतं मिटलेलं नाही. पूर्वी दिवसाला अर्धा तास इकडेतिकडे होण्याचं नवल नव्हतं; आता चूक काही मिनिटांवर आली. मग मिनिट काटा लावण्यात अर्थ उरला.

किल्लीच्या घड्याळाचं मागचं झाकण उघडलं तर हेच चाक झुलताना दिसतं. त्याच्या शेजारी दोन माणकांचा इवलासा पंजा असतो. तो दातेरी चाकाला अडवतो, एक दात सोडतो, पुन्हा अडवतो. टिकटिक म्हणतात ती या अडण्याची, आणि सेकंद काट्याच्या उड्याही यातूनच येतात. हा पंजा अठराव्या शतकात टॉमस मज यांनी आणला. माणकं शोभेची नसतात. धातूवर धातू घासून झिजू नये म्हणून ती बसवतात.

अचूकतेची खरी निकड समुद्रावर होती, कारण वेळ चुकली की रेखांश चुकतो. जॉन हॅरिसन यांचं चौथं घड्याळ १७६१ मध्ये जमैकाच्या सफरीवर गेलं. त्याची आधीच ठाऊक असलेली रोजची चाल, म्हणजे दिवसाला ते किती मागे-पुढे पडतं, हिशेबात धरली तर ८१ दिवसांत ते फक्त पाचेक सेकंद मागे पडलं होतं.

मनगटावर मात्र घड्याळ बराच काळ बायकांचाच दागिना होतं. पहिल्या महायुद्धातल्या खंदकांत खिशात हात घालायला फुरसत नव्हती, तेव्हा पुरुषांनीही ते बांधलं.

२५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइको कंपनीने अ‍ॅस्ट्रॉन हे क्वार्ट्झचं, म्हणजे स्फटिकाच्या थरथरीवर वेळ मोजणारं, सेलवरचं मनगटी घड्याळ विक्रीला काढलं. किंमत साडेचार लाख येन, म्हणजे एका मोटारीएवढी. चूक महिन्याला पाच सेकंदांच्या आत. स्वित्झर्लंडने क्वार्ट्झचे नमुने १९६७ मध्येच करून पाहिले होते, पण फटका त्यांनाच बसला. १९७० मध्ये तिथे सुमारे ९० हजार लोक या धंद्यात होते; पंधरा वर्षांत ते तीसेक हजारांवर आले. १९८३ मध्ये अवघ्या ५१ भागांच्या, प्लास्टिकच्या स्वॉच या स्विस घड्याळाने त्यांना पुन्हा उभं केलं.

क्वार्ट्झच्या घड्याळात झुलतं चाक नसतंच. वीज मिळाली की स्फटिकाचा छोटासा चिमटा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे: तो पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो. त्या एका ठोक्यावर इवलीशी मोटर अर्धा वळसा घेते आणि काटा पुढे जातो. जास्त उड्या मारायला लावता येतील, पण मग सेल लवकर संपेल.